लढाऊ विमान भागीदारीत परवडतं का? नाशिककर विचारतात

ओझरच्या विमान कारखान्यात १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस मार्क १ए या लढाऊ विमानाची तिसरी उत्पादन लाइन सुरू झाली, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आले होते, इथे बनलेलं पहिलं तेजस त्याच दिवशी सगळ्यांसमोर उडालं, आणि तेव्हापासून या सदराच्या टपालात बिबट्या आणि द्वारका सर्कलचा ट्रॅफिक हे दोन्ही कायमचे विषय जरा मागे पडलेत. निम्म्या पत्रांचा सूर एकच, की विमान एवढं महाग का आणि चार देशांनी मिळून बनवलं तर स्वस्त नाही का पडणार. म्हणून या वेळचं पान सगळं त्याच्यावरच. पत्रं लांबलचक होती, कापलीत, राग नसावा.

सातपूरहून एक वाचक: पेपरात आलं की ९७ तेजसची ऑर्डर ६२,३७० कोटींची. मी भागाकार केला, एकाला ६४३ कोटी पडतात. याला स्वस्त म्हणायचं का? स्वस्त लढाऊ विमान असं काही असतं तरी का?

भागाकार बरोबर आहे तुमचा, पण तो करायचाच नसतो. सप्टेंबर २०२५ च्या त्या करारात ६८ एका सीटची आणि २९ दोन सीटची विमानं आहेत, सोबतचं साहित्यही त्याच रकमेत धरलंय, टॅक्स वेगळा. राफेलच्या वेळी हेच झालं. ३६ विमानं, ७.८७ अब्ज युरो, लोकांनी लगेच कॅल्क्युलेटर काढला आणि टीव्हीवर मारामाऱ्या सुरू, पण त्या रकमेत शस्त्रं होती, सुटे भाग होते, भारतासाठी केलेले बदल होते. दोन करारांचे आकडे शेजारी ठेवून 'हे बघा केवढं महाग' म्हणणाऱ्या माणसावर, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, माझा विश्वास नाही.

खरा खर्च पुढे असतो. विमान तीस-चाळीस वर्षं वापरायचं, तेवढी वर्षं इंधन, सुटे भाग, आणि ठरावीक तास भरले की इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं, त्याला ओव्हरहॉल म्हणतात आणि तिथे पैसा जातो. इंजिन दोन असली की हे सगळं डबल. सुखोई-३० एमकेआय दोन इंजिनांचं, पूर्ण भरून साधारण ३८ टनांचं धूड, तेजस एका इंजिनाचं आणि साडेतेरा टनांचं. त्यामुळे 'स्वस्त' म्हणजे लहान, हलकं, एक इंजिन, आणि त्याच्याकडून सगळ्याच अपेक्षा न ठेवणं. हा विचार काही नवा नाही हं. पन्नासच्या दशकात पेटर नावाच्या ब्रिटिश डिझायनरला वाटलं की जेट विमानं उगाच जड आणि महाग होत चाललीत, म्हणून त्याने छोटंसं नॅट बनवलं. ब्रिटनने स्वतः ते लढाऊ म्हणून घेतलंच नाही, ट्रेनर म्हणून घेतलं, आपण मात्र घेतलं, लायसन्सवर बंगलोरला बनवलं आणि १९६५ च्या युद्धात त्याने पाकिस्तानची सेबर विमानं पाडून नाव कमावलं.

पिंपळगाव बसवंतहून एक द्राक्ष बागायतदार: आम्ही तिघा भावांनी मिळून फवारणीचा ब्लोअर घेतला. खर्चाचे तीन वाटे झाले, बरं वाटलं. पण ढगाळ हवा आली की तिघांनाही तो एकाच दिवशी पाहिजे, मग घरात भांडणं. देशादेशांत पण असंच होतं का?

दादा, तुमचं पत्र वाचून हसलो, पण प्रश्न एकदम नेमका आहे. फरक एवढाच की देश जेव्हा भागीदारी करतात तेव्हा विमान प्रत्येकाला आपापलं मिळतं, वाटून घ्यायचा असतो तो ते पहिल्यांदा डिझाइन करण्याचा आणि टेस्टिंगचा खर्च, आणि तो खर्च असा असतो की शंभर विमानं बनवा नाहीतर हजार, तो तेवढाच राहतो. म्हणून कागदावर भागीदारी नेहमी स्वस्तच दिसते. भांडण होतं ते ब्लोअर कधी मिळणार यावर नाही, ब्लोअर कसला घ्यायचा आणि तो कुणाच्या वर्कशॉपमध्ये बनवायचा यावर.

युरोफायटरचं बघा. ब्रिटन, जर्मनी, इटली, स्पेन आणि सुरुवातीला फ्रान्सही. फ्रान्सला विमानवाहू जहाजावरून उडेल असं हलकं विमान हवं होतं, इंजिन स्वतःचं हवं होतं आणि पुढारीपणही, बाकीच्यांना ते मान्य नव्हतं, १९८५ मध्ये फ्रान्स बाहेर पडला आणि एकट्याने राफेल बनवायला लागला. उरलेल्या चौघांनी मग जेवढी विमानं घेणार तेवढं काम असा हिशोब बसवला. कागदावर न्याय्यच. पण सोव्हिएत युनियन संपला, जर्मनीने आपला आकडा २५० वरून १८० वर आणला आणि काम मात्र सोडवेना. शेवटी काय झालं, डावा पंख इटलीत, उजवा स्पेनमध्ये, आणि चार देशांत चार ठिकाणी पूर्ण विमान जोडायच्या चार वेगळ्या लाइनी! एका लाइनीवर जे काम सुटसुटीत झालं असतं त्याला चार ठिकाणची जिग (भाग पकडून ठेवायचे सांगाडे), चार ठिकाणची टेस्टिंगची सोय, चार ठिकाणचे साहेब. सुरुवातीला ७६५ विमानं ठरली होती, ती ६२० वर आली, म्हणजे खर्चाचा वाटा प्रत्येकाच्या अंगावर आणखी चढला. विमान चांगलं आहे, त्याबद्दल वादच नाही, पण स्वस्तात पडावं म्हणून एकत्र आले होते ते राहूनच गेलं.

आता उलटं उदाहरण, एफ-१६. १९७५ मध्ये बेल्जियम, हॉलंड, डेन्मार्क, नॉर्वे या चार छोट्या देशांनी एकत्र बसून ठरवलं की आपली जुनी एफ-१०४ बदलायची वेळ सगळ्यांची एकदमच आलीय तर एकच विमान घेऊ. मिळून ३४८ विमानांची ऑर्डर दिली. बदल्यात अमेरिकेकडून काय लिहून घेतलं ते बघा, आमच्या विमानांच्या किमतीतलं ४० टक्के काम आमच्याकडे, अमेरिकेच्या स्वतःच्या पहिल्या ६५० विमानांतलं १० टक्के आमच्याकडे, आणि बाहेर तिसऱ्या देशाला विकाल त्यातलं १५ टक्के आमच्याकडे. जोडणीच्या लाइनीही युरोपात टाकल्या, बेल्जियमला एक आणि हॉलंडला एक. पण डिझाइन कुणाचं यावर वाद नव्हता, ते तयार होतं, त्याचा मालक एक होता. आणि नंतर एफ-१६ जगभर खपलं त्याचा वाटा या चौघांना वर्षानुवर्षं मिळत राहिला.

माझं मत विचाराल तर भागीदारी टिकते ती गरज एकच आणि एकाच वेळची असली तर. तुमच्या ब्लोअरला हे लागू होत नाही हे खरं, तिथे गरज एक आहे म्हणूनच तर भांडण आहे.

इंदिरानगरहून, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी: भारताने कुणासोबत मिळून लढाऊ विमान बनवायचा प्रयत्न केलाय का? आम्हाला फक्त रशियाबद्दल सांगतात.

केलाय, आणि पहिला प्रयत्न कुणासोबत ते ऐकून तुला आश्चर्य वाटेल, इजिप्तसोबत.

आपलं पहिलं स्वतःचं जेट लढाऊ विमान मरुत, जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांनी बंगलोरला बसून बनवलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. दिसायला देखणं, कमी उंचीवर उडायला उत्तम, पण इंजिन कमजोर. ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनावर डिझाइन बेतलं होतं ते इंग्लंडमध्ये पुढे विकसितच झालं नाही, तिकडचं म्हणणं की पैसे तुम्ही घाला, आणि आपण नाही म्हटलं. मग इंजिनासाठी शोधाशोध. त्याच सुमारास इजिप्तमध्ये हेलवानला मेसरश्मिट यांच्या डिझाइनचं एचए-३०० नावाचं छोटं, हलकं, स्वस्त लढाऊ विमान बनत होतं आणि त्याच्यासाठी ब्रांडनर नावाचे ऑस्ट्रियन इंजिनिअर ई-३०० इंजिन बनवत होते. म्हणजे त्यांच्याकडे इंजिन, आपल्याकडे विमान, दोघांनाही दुसऱ्याची गरज. भारताने इंजिनाच्या कामात भाग घेतला, ई-३०० हवेत तपासायला आपलं एक मरुत इजिप्तला गेलं आणि १९६७ मध्ये ते त्या इंजिनासह उडालंही. इतकंच नाही, इजिप्तचं ते एचए-३०० सगळ्यात पहिल्यांदा ७ मार्च १९६४ ला उडवलं ते आपल्या हवाई दलाचे टेस्ट पायलट कपिल भार्गव यांनी.

आणि मग १९६७ चं इस्रायलशी युद्ध, इजिप्तची तिजोरी रिकामी, १९६९ ला त्यांनी प्रकल्पच गुंडाळला. मरुत शेवटपर्यंत कमजोर इंजिनावरच उडलं. १९७१ च्या युद्धात लोंगेवालाच्या लढाईत त्याने काम चोख केलं, पण ते व्हायला हवं होतं तसं विमान कधी झालंच नाही. भागीदार वाईट नव्हता, त्याच्यावर वेळ वाईट आली, एवढंच.

दुसरा प्रयत्न तुला सांगतात तो रशियाचा. पाचव्या पिढीच्या विमानाच्या प्राथमिक डिझाइनसाठी डिसेंबर २०१० मध्ये २९.५ कोटी डॉलरचा करार, आणि २०१८ मध्ये आपण बाहेर. तिथे विमान मुळात त्यांचं होतं, आपल्याकडून पैसे हवे होते, डिझाइनमध्ये आपलं काम किती यावर कधी एकमत झालं नाही. त्याच रशियासोबत ब्रह्मोस क्षेपणास्त्र मात्र जमलं, १९९८ चा करार, भारत ५०.५ टक्के, रशिया ४९.५, आणि आता फिलिपिन्सला विकलंसुद्धा. तेच ब्रह्मोस सुखोईच्या पोटाखाली बांधायचं काम आपल्या ओझरला झालं, अडीच टनांचं क्षेपणास्त्र, त्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला, आणि २५ जून २०१६ ला ते घेऊन सुखोई पहिल्यांदा उडालं ते इथूनच. प्रोजेक्टला हा विषय घे, इजिप्तवालाही घे, सरांना माहीत नसेल.

ओझर टाऊनशिपहून एक वाचक: माझे वडील मिगच्या लाइनवर होते, आयुष्य रिव्हेट मारण्यात गेलं. एवढी मिग बनवली, सुखोई बनवली, मग स्वतःचं विमान बनवायला एवढी वर्षं का लागली? आमच्या लोकांत काय कमी होतं?

तुमच्या वडिलांच्या हातात काही कमी नव्हतं, आधी हे सांगतो.

मिग-२१ चा सोव्हिएत युनियनशी करार ऑगस्ट १९६२ चा. त्यानंतर चीन युद्ध, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले आणि १९६३ ला आपल्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ ला ओझरचा कारखाना उभा राहिला, आणि या दोन गोष्टींचा संबंध काय ते नाशिकमध्ये कुठल्याही कट्ट्यावर विचारा, लोक सांगतील. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. मग मिग-२१ चे एकेक प्रकार, मग मिग-२७, मग सुखोई. सुखोईच २२२ बनवली आपण, आणि डिसेंबर २०२४ ला आणखी १२ ची ऑर्डर आली.

पण हे सगळं लायसन्सवर. म्हणजे आधी तयार विमान येतं, मग किट येतात आणि आपण जोडतो, मग हळूहळू कच्च्या मालापासून बनवायला लागतो. ड्रॉइंग त्यांचं. आता एक बारीकशी गोष्ट घ्या, तुमच्या वडिलांना लगेच कळेल. फ्रेमवर स्किन म्हणजे बाहेरचा पत्रा बसवताना एक होल ड्रॉइंगपेक्षा थोडंसं मोठं पडलं. हाताची चूक, नाहीतर ड्रिल घासलेलं, होतं कधीकधी. तिथेच काम थांबतं, टॅग लागतो, क्वालिटीवाला येतो, कागद तयार होतो. आता काय करायचं? पुढच्या साइजचा रिव्हेट टाकायचा, की आतून पट्टी लावायची, की पार्टच काढून फेकायचा? हे ठरवायला त्या जागेवर उड्डाणात किती लोड येतो ते माहीत पाहिजे, आणि तो हिशोब ज्याने डिझाइन केलं त्याच्याकडे असतो. किरकोळ असेल तर मार्गदर्शक नियम दिलेले असतात, पण मामला मोठा असला की प्रश्न मूळ डिझायनरकडे जातो, तो परदेशात, आणि उत्तर येईपर्यंत ते विमान जिगवर तसंच. ड्रॉइंगवर किती ते लिहिलेलं असतं, का ते नसतं. साठ वर्षं आपण 'किती' मध्ये पारंगत झालो.

तेजसच्या होलचा प्रश्न बंगलोरला जातो. कुठल्याही भागीदारीची बातमी वाचली की मी तरी पहिले हेच शोधतो, टक्केवारी नाही बघत, होल चुकलं तर प्रश्न कुणाकडे जाणार ते बघतो.

आणि हो, लायसन्सवर बनवलं म्हणजे स्वस्त पडतं हाही गैरसमज. इथे बनलेलं सुखोई रशियातून थेट आणलेल्यापेक्षा महागच पडलं. जिग-फिक्स्चर नव्याने उभारायचे, किटची किंमत त्यांनी ठरवायची, बराच माल त्यांच्याकडूनच आणायचा, आणि संख्या त्यांच्यापेक्षा कमी. बदल्यात विमान दुरुस्त करायची, बदलायची ताकद आली, ती ब्रह्मोसच्या वेळी उपयोगी पडली. तिची किंमत कशी लावायची ते ज्याने त्याने ठरवावं.

नाशिकरोडहून, पतसंस्थेत काम करणारे एक वाचक: भागीदाराने हप्तेच थकवले तर काय करतात? जप्ती तर आणता येत नाही.

जप्ती नाही आणता येत, पण वसुलीची पद्धत असते. दक्षिण कोरियाचं केएफ-२१ लढाऊ विमान बघा. हिशोब असा होता की ६० टक्के कोरियाचं सरकार, २० टक्के तिथली विमान कंपनी, २० टक्के इंडोनेशिया. इंडोनेशियाचा वाटा साधारण १.६ ट्रिलियन वॉन. त्यांचे हप्ते वर्षानुवर्षं थकले, बैठकांवर बैठका, पैशाऐवजी पामतेल घ्या असंही बोलणं निघालं होतं! शेवटी वाटा ६०० अब्ज वॉनवर आणला आणि त्या प्रमाणात मिळणारी टेक्नॉलॉजीही कापली. तोपर्यंत कोरिया थांबला नाही, १९ जुलै २०२२ ला विमान उडवलं. तुमच्या भाषेत, मुख्य कर्जदार सक्षम होता म्हणून जामीनदार पळाला तरी निभावलं. दोघेही निम्मे-निम्मे असते तर विमान कागदावरच राहिलं असतं.

देवळालीहून, निवृत्त सैनिक: पाकिस्तानने चीनसोबत जेएफ-१७ बनवलं ते स्वस्त पडलं म्हणतात. शत्रूचं कौतुक नको, पण खरं काय ते लिहा.

काका, खरंच लिहितो. त्यांच्या मानाने सौदा बरा झाला. आधी ते अमेरिकन कंपनीसोबत जुन्याच चिनी मिगची सुधारित आवृत्ती करायच्या मागे होते, १९८९ ला बीजिंगच्या तिआनमेन चौकात आंदोलकांवर गोळीबार झाल्यानंतर अमेरिका बाजूला झाली, मग चीनशी निम्म्या-निम्म्या खर्चाचा व्यवहार. पहिलं उड्डाण ऑगस्ट २००३, आपलं तेजस जानेवारी २००१ ला उडालं होतं हे लक्षात ठेवा, पण स्क्वाड्रनमध्ये संख्या वाढवण्यात ते पुढे गेले. कारण त्यांनी अपेक्षा कमी ठेवल्या, बरंचसं तयार होतं ते घेतलं. सांगाड्याचं ५८ टक्के काम पाकिस्तानात कामराला, बाकी चीनमध्ये.

आता दुसरी बाजू. चीनने स्वतःच्या हवाई दलात ते घेतलं नाही. आणि इंजिन ना पाकिस्तानचं ना चीनचं, ते रशियाचं आरडी-९३, मिग-२९ च्या इंजिनाचाच भाऊ. ते त्यांना मिळू नये म्हणून भारताने मॉस्कोत बोलून बघितलं होतं. शेवटी मिळालं, पण विचार करा, दोन देशांनी मिळून विमान बनवलं आणि ते उडणार की नाही याची चर्चा तिसऱ्या देशाच्या राजधानीत चौथा देश करतोय.

गंगापूर रोडहून एक वाचक: मग आपल्या तेजसचं इंजिन तरी कुठे आपलं आहे? अमेरिकेने उद्या नाही म्हटलं तर?

नाही म्हणून झालंय त्यांचं एकदा. १९९८ ला पोखरणनंतर निर्बंध आले, तेजसच्या फ्लाइट कंट्रोल सिस्टिमवर, म्हणजे विमान हवेत सांभाळणाऱ्या कॉम्प्युटर यंत्रणेवर, अमेरिकेत काम करणारे आपले इंजिनिअर परत पाठवले, सामान तिकडेच अडकलं. ती सिस्टिम मग आपल्या लोकांनी इथे पूर्ण केली, आणि तेजसच्या एवढ्या वर्षांच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो याचा. इंजिनाचं मात्र तसं नाही जमलं. आपल्या स्वतःच्या कावेरी इंजिनावर किती वर्षं घातली, हवी ती ताकद मिळाली नाही, २००८ ला ते तेजसपासून वेगळं केलं. इंजिनाच्या गरम भागातली पाती ज्या तापमानात फिरतात ते धातूच्या वितळबिंदूच्या वर असतं, एकाच स्फटिकाची पाती ओतायची, आतून हवेचे बारीक मार्ग काढायचे, आणि ही विद्या ज्यांच्याकडे आहे ते ती कुठल्याही भागीदाराला मनापासून देत नाहीत.

त्यामुळे अमेरिकन एफ-४०४ इंजिनावरच गाडी. ऑगस्ट २०२१ ला ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, पहिलं आलं मार्च २०२५ ला, कारण तिकडे बंद पडलेली लाइन पुन्हा चालू करावी लागली आणि सुट्या भागांचे सप्लायर गोळा करावे लागले. तोपर्यंत इकडे विमानाचे सांगाडे तयार, इंजिनाची वाट बघत. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी ११३ ची ऑर्डर गेली. पुढचं मोठं एफ-४१४ इंजिन इथे बनवायची बोलणी २०२३ पासून चालू आहेत, आणि फ्रान्सच्या साफ्रानसोबत नवीन इंजिन मिळून डिझाइन करायचं ठरलंय. ते साफ्रानवालं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, विमानाच्या भागीदारीपेक्षाही, कारण होल चुकल्यावर प्रश्न कुणाकडे जाणार हे तिथे बदलू शकतं. स्वीडनसारख्या चिमुकल्या देशाने हेच वेगळ्या पद्धतीने केलं, ग्रिपेन या लढाऊ विमानाचं डिझाइन स्वतःकडे घट्ट धरलं, इंजिन अमेरिकेचं घेऊन स्वतःकडे सुधारलं, आणि मग ब्राझीलला ३६ विमानं विकताना त्यांचे शेकडो इंजिनिअर स्वीडनला नेऊन शिकवले. पण त्यांच्याही विक्रीला अमेरिकेची परवानगी लागतेच.

अंबड एमआयडीसीतून एक उद्योजक: आमच्याकडे सीएनसी, व्हीएमसी आहेत, गाड्यांचे पार्ट करतो. ओझरच्या लाइनचं काम आमच्यासारख्याला मिळेल का आणि परवडेल का?

मिळू शकतं. परवडेल का, हे जरा थांबून बघा.

पहिलं म्हणजे एएस ९१००, विमान उद्योगातल्या गुणवत्तेचं सर्टिफिकेट लागेल. हीट ट्रीटमेंट, अॅनोडायझिंग, क्रॅक तपासणी वगैरे करायचं तर त्याची मान्यता वेगळी. आणि कागद! अॅल्युमिनियमचा एक तळहाताएवढा ब्रॅकेट, जाड ठोकळ्यातून कोरून काढायचा, ठोकळ्यातलं ऐंशी-नव्वद टक्के मटेरियल चिप होऊन खाली पडतं, आणि जो उरतो त्याच्यासोबत हीट नंबर (धातू कुठल्या ओतातला ते), मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, पहिल्या नगाचा एकेक डायमेन्शन मोजलेला रिपोर्ट, कुणी कुठल्या मशीनवर कधी केला त्याचं कार्ड. फाइल ब्रॅकेटपेक्षा जाड होते. हे सगळं वीस वर्षांनंतरही काढून दाखवता आलं पाहिजे, कारण तेव्हा कुठे एका विमानात तो ब्रॅकेट तडकला तर त्याच ठोकळ्यातले बाकीचे कुठे लागलेत ते शोधायचं असतं.

आता परवडण्याचं. नाशिकच्या लाइनची क्षमता वर्षाला ८ विमानांची. तुमचा ब्रॅकेट एका विमानाला दोन लागतो असं धरा, म्हणजे वर्षाचे झाले सोळा. तुम्हाला महिंद्रा, बॉशच्या पार्टची सवय, तिथे महिन्याला हजारांत नग जातात, इथे सोळा नगांसाठी फिक्स्चर बनवायचं, प्रोग्रॅम लिहायचा, पहिला नग रिजेक्ट झाला तर महाग मटेरियल वाया. त्यात मोठ्या भागांचं काम आधीच वाटलं गेलंय, पंख कोइमतूरहून, मधला भाग हैदराबादहून. म्हणून एकट्या तेजसच्या भरवशावर नवीन मशीनचं लोन काढू नका, हे स्पष्ट सांगतो. एकदा सर्टिफिकेट हातात आलं की परदेशी विमान कंपन्यांचंही काम घेता येतं, त्या हिशोबाने बघितलं तर गणित बसतं.

आणि विमान स्वस्त का होत नाही याचं उत्तरही तुमच्या या सोळा नगांतच आहे. एफ-१६ वाल्या चार देशांनी दुसऱ्याला विकलेल्या विमानातलं १५ टक्के काम का मागून घेतलं असेल ते आता तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तेजस बाहेर कुणी घेतलं तर सोळाचे चाळीस होतील, ब्रॅकेटची किंमत उतरेल, आणि हवाई दलालाही तो स्वस्त पडेल. निर्यात निर्यात म्हणतात ते फक्त मिरवायला नाही.

जानोरीहून, सातवीतला वाचक: आमच्या घरावरून विमानं जातात. त्यात तेजस कोणतं आणि सुखोई कोणतं ते कसं ओळखायचं?

सोपं आहे. मागे दोन उभ्या शेपट्या दिसल्या, विमान मोठं असलं, कॉकपिटच्या मागे दोन्ही बाजूंना छोटे जादा पंख दिसले, तर सुखोई. एकच उभी शेपटी, विमान आटोपशीर आणि पंख मोठ्या त्रिकोणासारखे, मागे आडवे छोटे पंख अजिबात नाहीत, तर तेजस. कधीकधी मिग-२९ पण दिसेल, त्यालाही दोन शेपट्या असतात पण पुढचे ते छोटे जादा पंख नसतात, ते ओझरच्याच हवाई दलाच्या डेपोत दुरुस्तीला येतं. प्रवासी विमानही त्याच धावपट्टीवर उतरतं, ते तर तुला माहीतच असेल. गच्चीवरून खुशाल बघ, पण कारखान्याच्या भिंतीजवळ जाऊन मोबाईलवर शूटिंग करू नकोस, डिफेन्सचा एरिया आहे तो, गार्ड मोबाईल काढून घेतील आणि बाबांना बोलावतील.